विश्लेषण : सूरजागडच्या मातीत यंत्र वाजते, म्हणून खाली गुप्तधन असते का?

मोबाइलवर मेटल डिटेक्टरचे एखादे मोफत अ‍ॅप घ्या. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या पायथ्याशी जा आणि फोन तिथल्या काळपट, वजनदार दगडाजवळ न्या. दगडात चुंबकीय लोहाचा अंश पुरेसा असेल तर पडद्यावरचा आकडा चढेल, फोन वाजू लागेल. आता त्याच फोनखाली घरातली सोन्याची अंगठी धरा. फोन गप्प राहील.

कारण साधे आहे. फोनमध्ये दिशा दाखवण्यासाठी जो सेन्सर बसवलेला असतो, तोच हे अ‍ॅप वापरते. तो चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतो. लोखंड त्याला कळते. सोने, चांदी, तांबे कळत नाही. तरीही गुप्तधन शोधून देतो म्हणणारे आता लिंबू-नारळाच्या जोडीला फोन आणि यंत्र घेऊन येतात, कारण यंत्र वाजले की शिकलेल्या माणसाचाही विश्वास बसतो. ज्या पट्ट्यात दगडच लोखंडाचा आहे, तिथे तर यंत्र वाजणारच.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गुप्तधनाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पडका बुरूज, जुने हेमाडपंती देऊळ, राजाच्या नावाची टेकडी, की त्याखाली सात हंडे ठरलेलेच. या शोधात खरे किती आणि बनाव किती?

*या भागातच इतक्या कथा का?*

कारण कथेला आधार आहे. चांद्याचे गोंड राज्य काल्पनिक नव्हते. बल्लारपूर आणि नंतर चंद्रपूर या त्याच्या राजधान्या होत्या. चंद्रपूरचा परकोट आजही शहराला वेढून उभा आहे. गडचिरोलीतील आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त आहे. हिऱ्यांची खाण, गोंड राजा, घनदाट जंगल आणि ओसाड किल्ला एवढे साहित्य हाताशी असताना गुप्तधनाची कथा तयार झाली नसती तरच नवल.

पण राजाचा खजिना कुठे गेला, हा प्रश्न इतिहासाला विचारला तर उत्तर बरेचसे मिळते. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये चांद्याचे राज्य ताब्यात घेतले. १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने चांद्याचा किल्ला तोफा लावून जिंकला. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले आणि राजवाड्यातील जडजवाहीर कोलकात्याच्या लिलावात निघाले. ज्यांना खजिना कुठे असतो हे नेमके ठाऊक होते, अशा तीन सत्ता एकापाठोपाठ एक येऊन गेल्या. जिंकणारा आधी खजिन्याच्या खोलीकडे जातो. त्यातूनही सात हंडे बुरजाखाली सुखरूप राहिले असतील, ही शक्यता फार थोडी उरते.

*मग जमिनीत धन सापडतच नाही का?*

सापडते, आणि महाराष्ट्रात वरचेवर सापडते. बँका नव्हत्या तेव्हा जमीन हीच तिजोरी होती. पेंढाऱ्यांच्या धाडी, दुष्काळ, साथी, लष्कराची ये-जा असे काही आले की सावकार, व्यापारी, बरा शेतकरी आपली शिल्लक मडक्यात घालून घरात किंवा शेतात पुरायचा. तो परतला नाही, तर मडके तिथेच राहायचे. पुढे नांगर लागतो, विहीर खणली जाते, जेसीबी चालतो आणि मडके फुटते.

विदर्भातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तऱ्हाळ्याचे आहे. तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातील या गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नाणी दीड हजारांच्या आसपास होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासून प्रसिद्ध केली आणि कुंभ, कर्ण, शक अशी, पुराणांच्या यादीत न आढळणाऱ्या सातवाहन राजांची नावे त्यातून पुढे आली. इतिहासाच्या दृष्टीने हे धन अमोल. पण ती नाणी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. शिसे, तांबे, कथील अशा मिश्रधातूची होती. जुन्या चांदा जिल्ह्यात १९व्या शतकात सापडलेला सातवाहन नाण्यांचा साठाही याच प्रकारचा. मोडीत घालायला गेले तर पदरी फारसे काही पडणार नाही.

सोने कधीच मिळत नाही असेही नाही. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या खोदकामात मजुरांना सोन्याच्या मोहरा मिळाल्या. पोलिसांनी २१६ मोहरा जप्त केल्या. वजन २ किलो ३५७ ग्रॅम. त्या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मुघल मोहरा होत्या. २०२० मध्ये तमिळनाडूतील तिरुवनैकावलच्या मंदिरात खोदकाम करताना पितळी भांड्यात ५०५ सोन्याची नाणी निघाली. वजन पावणेदोन किलोच्या आतच.

या सगळ्या घटनांत एक गोष्ट समान आहे. कुणीही गुप्तधन शोधत नव्हते. कुणी पाया खणत होते, कुणी माती हलवत होते. मांत्रिकाने जागा दाखवली, विधी केला आणि तिथून पंचांसमक्ष सोने निघून सरकारी नोंदीत जमा झाले, असे उदाहरण या लेखकाला तरी शोधूनही मिळालेले नाही. 'सापडलेले' धन खरे असते. 'शोधून दिलेल्या' धनाबद्दलच शंका घ्यावी लागते.

*हंड्याचा हिशेब काय सांगतो?*

चिखलीच्या २१६ मोहरा किती जागा घेतील? सोने इतके जड असते की एवढ्या सगळ्या मोहरा पाण्याच्या एका पेल्यात मावतील. आता गोष्टीतला हंडा घ्या. दहा लिटरचा साधा हंडा सोन्याच्या नाण्यांनी भरला, मधल्या फटी वजा केल्या, तरी वजन शंभर किलोच्या वर जाते. असे सात हंडे म्हणजे पाऊण टनाहून अधिक सोने. कुण्या गावच्या पाटलाकडे वा मालगुजाराकडे एवढे सोने असेल का?

हाच हिशेब बनावट मोहरांनाही लावता येतो. पितळेचे वजन त्याच आकाराच्या सोन्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणून 'नमुना' हातात दिला जातो तेव्हा तो अंधारात, घाईत, मंत्र चालू असताना दिला जातो. वजनकाट्यावर नेऊ देत नाहीत. आणि कधी नेऊ दिलेच, तर ते एक नाणे खरे असते, उरलेली पितळी.

*बनाव कसा रचला जातो?*

अशा गुन्ह्यांच्या बातम्या एकत्र ठेवून वाचल्या की क्रम जवळपास एकच दिसतो.

पहिल्यांदा मांत्रिक येत नाही. ओळखीचा माणूस येतो. तो दूरचा नातेवाईक असतो, जमिनीच्या व्यवहारातला दलाल असतो किंवा एकत्र काम केलेला असतो. घरातले कर्ज, आजारपण, न जमणारे लग्न, बंद पडलेली बोअरवेल त्याला आधीच ठाऊक असते. मग तो सांगतो की तुमच्या वास्तूखाली काहीतरी अडकले आहे, म्हणून हे सारे होते. पुराव्यादाखल खुणा असतात: स्वप्नात नाग दिसतो का, रात्री घुंगरांचा आवाज येतो का, अंगणात एके ठिकाणी गवत उगवत नाही का. अशी निदान एक खूण कुठल्याही घरात निघतेच.

पुढे मांत्रिक येतो. डोळ्यांत अंजन घालून, किंवा अंगठ्याच्या नखावर काजळ लावून, त्यात पाहणारा माणूस लागतो. पाहणारा 'पायाळू' हवा, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. मांडूळ हवे, वीस नखांचे कासव हवे अशा मागण्या सुरू होतात. हे प्राणी मिळवणे हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यातूनच मांडुळाच्या तस्करीची वेगळी बाजारपेठ उभी राहिली. पैशांची पहिली मागणी छोटी असते, पूजेच्या साहित्यापुरती. आदल्या रात्री पुरून ठेवलेले एक-दोन तुकडे 'निघतात'. ते हातात पडले की घरातल्या शंका घेणाऱ्याचे तोंड बंद होते आणि खऱ्या खर्चाला सुरुवात होते. राखणदाराची शांती, मग मोठा होम, मग मोठा गुरू. जमीन गहाण पडते, दागिने मोडले जातात.

धन निघाले नाही तर? त्याची उत्तरे समजुतीतच तयार असतात. धन सरकले. कुणीतरी मागे वळून पाहिले. विटाळ झाला. हंड्याचा कोळसा झाला. नीट पाहिले तर या समजुतीत हरण्याची सोयच ठेवलेली नाही. सोने निघाले तर मांत्रिक खरा. निघाले नाही तर घरातल्या कुणाची तरी चूक. ती चूक बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या माथी येते.

या सगळ्यावर एक नियम: कुणाला सांगायचे नाही. सांगितले तर धन जाते. गावातल्या शहाण्या माणसाला, शिक्षकाला, मेव्हण्याला विचारण्याची वाट या एका नियमाने बंद होते. पुढे फसवणूक उघड झाल्यावरही माणूस गप्प बसतो. लाज असतेच, शिवाय आपणही त्यात होतो म्हणजे आपल्यालाही पोलीस धरतील ही भीती असते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. गडचिरोलीतला मांत्रिक म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर आदिवासी पुजारी येतो. ते चुकीचे आहे. सूरजागडच्या डोंगरावर माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते. त्या श्रद्धेचा गुप्तधनाच्या या धंद्याशी संबंध नाही. म्हैसाळच्या प्रकरणात तर ना जंगल होते ना आदिवासी पाडा.

*म्हैसाळमध्ये काय झाले होते?*

सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात म्हैसाळ आहे. कृष्णाकाठचा, उसाचा, सधन भाग. २० जून २०२२ रोजी तिथे एकाच कुटुंबातील नऊ जणांचे मृतदेह दोन घरांत मिळाले. कुटुंब शिकलेले, नोकरी-व्यवसायातले. कर्जाला कंटाळून सामूहिक आत्महत्या, असा पहिला समज झाला आणि खासगी सावकारीच्या अंगाने तपास सुरू झाला. आठवडाभरात चित्र पालटले. पोलिसांनी दोघांना अटक केली आणि सांगितले की गुप्तधन काढून देतो म्हणून या कुटुंबाकडून मोठी रक्कम घेतली गेली होती, पैसे परत मागितले जाऊ लागले तेव्हा विष देऊन नऊ जणांचा जीव घेण्यात आला. हा पोलिसांचा आरोप आहे. पण कर्ज का झाले होते, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. सावकाराकडून आणलेला पैसा न दिसणाऱ्या हंड्यासाठी जात होता, असे तपास सांगतो.

जुन्या पिढीला मानवत आठवत असेल. परभणी जिल्ह्यातील या गावात १९७२ ते १९७४ दरम्यान बायका आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीसाठी बळी दिले गेले, असे तपासात पुढे आले आणि अवघा महाराष्ट्र हादरला. पन्नास वर्षांनी त्यावर वेबमालिका आली, तेव्हा नव्या पिढीने ती थरारकथा म्हणून पाहिली.

*यंत्राने दाखवले तर मानायचे का?*

फोनच्या अ‍ॅपचे वर सांगितलेच. दुकानात मिळणारे खरे मेटल डिटेक्टर वेगळ्या तत्त्वावर चालते. त्याच्या कड्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, खालच्या धातूत सूक्ष्म प्रवाह तयार होतात आणि ते यंत्राला जाणवतात. त्याला सोनेही कळते. मात्र नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर, फार तर फूटभर खोलीपर्यंतच कळते. 'वीस फुटांवर हंडा आहे' असे हातातल्या यंत्राकडे पाहून सांगणारा माणूस यंत्राचे नाव घेऊन स्वतःचेच सांगत असतो.

दुसरी अडचण मातीची. जमिनीत लोहाचे प्रमाण जास्त असेल तर यंत्र फसवे संकेत देते. लाल जांभा आणि लोहखनिजाचे खडे त्याला धातूसारखेच भासतात. चांगल्या यंत्रात मातीशी जुळवून घेण्याची सोय असते, पण ती वापरायला सराव लागतो. सूरजागडचा परिसर किंवा चंद्रपुरातील लोहारा ही तर लोहखनिजासाठीच ओळखली जाणारी ठिकाणे. इथे यंत्र मुकाट राहिले तरच आश्चर्य. शिवाय गावठाणात शंभर वर्षांचे खिळे, नाल, फाळ, तुटक्या कढया पुरलेल्या असतातच. दोन वाकड्या तारा हातात धरून त्या 'आपोआप' वळल्या की खाली सोने, ही तिसरी तऱ्हा. त्यात यंत्रच नसते. मनगटाची सूक्ष्म हालचाल तारा वळवते.

*सरकारनेही स्वप्नावरून खोदले होते ना?*

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात दौंडिया खेडा येथे शोभन सरकार नावाच्या साधूने सांगितले की १८५७ च्या उठावानंतर फाशी गेलेले राजा राव रामबक्षसिंह स्वप्नात आले आणि किल्ल्याखाली एक हजार टन सोने असल्याचे सांगून गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १८ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथे खोदकाम सुरू केले. विभागाचे म्हणणे असे की आम्ही स्वप्नावरून खोदत नाही, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालात खाली धातूसारखे काही असण्याची शक्यता नोंदली आहे म्हणून खोदतो. वाहिन्यांच्या गाड्या पोहोचल्या, चहाच्या टपऱ्या लागल्या, वंशज म्हणवणारे हक्क सांगायला आले.

तेव्हा रिझर्व्ह बँकेकडे सोने होते सुमारे ५५७ टन. म्हणजे देशाच्या सोनेसाठ्याच्या जवळपास दुप्पट सोने एका छोट्या तालुकेदाराने पुरले होते, असा दावा होता. महिना संपेपर्यंत खोदकाम थांबले. हाती आली खापरे, हाडे, बांगड्यांचे तुकडे, लोखंडी खिळे. सरकारी यंत्रणेचा सहभाग म्हणजे खरेपणाचा दाखला, ही समजूत तिथेच मोडायला हवी होती.

*बुऱ्हाणपूरची ताजी घटना काय सांगते?*

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला. त्यात मराठ्यांनी मुघलांच्या बुऱ्हाणपूरवर घातलेला छापा दाखवला आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच जळगाव आणि बुलढाण्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन खणू लागले. महामार्गाच्या कामातली माती शेतात पडली आणि त्यात मोहरा निघाल्या, अशी चर्चा होती. व्हिडिओ देशभर फिरले. प्रशासनाला खोदकाम थांबवावे लागले. शेतकऱ्याच्या रानात खड्डे उरले.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बुऱ्हाणपूर ही मुघलांची दक्षिणेतली महत्त्वाची पेठ, तिथे टांकसाळ होती. त्या परिसरात एखादे जुने नाणे मिळणे यात नवल नाही. पण शेतात खजिना आहे याला चित्रपटाचा आधार घेणे गमतीचे, कारण १६८१ च्या छाप्यात मराठ्यांनी तीन दिवस बुऱ्हाणपूरच्या पेठा लुटल्या आणि माल घेऊन गेले. ज्या लुटीची गोष्ट ऐकून लोक खणत होते, ती लूट तिथे उरली नव्हती, हे त्याच गोष्टीत सांगितलेले आहे.

*परदेशात असे होत नाही का?*

होते, फक्त तऱ्हा वेगळी. अमेरिकेत फॉरेस्ट फेन या वृद्ध कलावस्तू व्यापाऱ्याने २०१० मध्ये एका कवितेत खुणा देऊन रॉकी पर्वतराजीत सोन्याची पेटी लपवल्याचे जाहीर केले. हजारो लोक शोधायला निघाले, त्यात पाच जण मेले. पेटी मुळात आहेच कशावरून, ही शंका शेवटपर्यंत होती. २०२० मध्ये पेटी मिळाली आणि छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तरी काहींची शंका गेली नाही. फरक एवढाच की तिथे शोधणाऱ्याकडून कुणी पूजेचे पैसे मागत नव्हते. आणि खऱ्या पेटीच्या शोधातही माणसे मेलीच.

*कायदा कुणाच्या बाजूने आहे?*

दोन कायदे लक्षात ठेवावेत. पहिला बराच जुना: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. काय मिळाले, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्कदारांना बोलावतात. कुणी मालक निघाला नाही तर धन सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जाते. आपसात वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. वस्तू सरकारला हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन ती घेता येते. लपवले तर मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला हा कायदा वाटा देतो. हे गावोगावी माहीत नाही. 'सरकार सगळे घेऊन जाते' हेच माहीत आहे, आणि मांत्रिकाला तेच हवे असते.

याला मर्यादा आहेत. संरक्षित स्मारकात खणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. राखीव जंगलात परवानगीविना खणले तर वनकायदा लागतो. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही.

दुसरा कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाचा उल्लेख थेट आहे: मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा जलस्रोत शोधण्याच्या नावाखाली अमानुष, अघोरी कृत्य करणे गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. कुणी मुलगी 'पूजेसाठी' मागितली, बळीची भाषा केली, तर काही घडण्याची वाट न पाहता तक्रार करता येते. ११२ वर फोन केला तरी चालतो.

*सूरजागडच्या डोंगरातले धन कसे ओळखले गेले?*

या पट्ट्यात जमिनीखाली धन आहे, यात वादच नाही. सूरजागडच्या लोहखनिजासाठी लॉइड्स मेटल्सला ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. ग्रामसभांचा विरोध झाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खाणीवरची सत्तरहून अधिक वाहने जाळली. काम रखडले, २०२१ पासून पुन्हा सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननाची पर्यावरण परवानगी मिळाली. आज एटापल्ली-आष्टी मार्गावर ट्रकांच्या रांगा आणि लाल धूळ दिसते. ते धन कुणाचे, हा वाद मोठा आहे आणि या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

पण ते 'आहे' हे कसे ठरले, ते इथे पाहण्यासारखे आहे. भूवैज्ञानिकांनी नकाशे काढले, ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून दगडाचे नमुने खेचले, प्रयोगशाळेत लोहाचे प्रमाण मोजले. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला तरी आकडा तोच येतो. एका जागी खनिज मिळाले नाही तर 'सरकले' असे कुणी लिहीत नाही. त्या छिद्रापुढे तशी नोंद होते. दिवसाउजेडी आणि सर्वांसमक्ष.

घराखाली धन आहे असे कुणी म्हणाले, तर त्याच्याकडे एवढेच मागावे: एक नाणे वजनकाट्यावर आणि सराफाकडे न्यायची मुभा, तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला बोलावून भर दुपारी खोदकाम, आणि मेहनताना धन निघाल्यावर, त्याच्याच वाट्यातून. आणि नांगराला खरोखरच मडके लागले, तर नाणी चिंचेने घासून चमकवू नयेत. त्यांवरचा गंज आणि माती यांवरूनही अभ्यासकांना बरेच कळते. जशी आहेत तशी, मडक्याच्या खापरांसह, तहसील कार्यालयात न्यावीत आणि पोच मागून घ्यावी.